एफेक्स ट्विन, १९९१ ते १९९४: कोणता ट्रॅक कुठे ठेवायचा?

'एफेक्स ट्विन' या नावानं इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या रिचर्ड डी. जेम्स या माणसानं १९९१ ते १९९४ या चार वर्षांत जे काही प्रकाशित केलं, ते एका यादीत नीट लावायचं, एवढंच हे प्रकरण. ऐकायला सोपं वाटतं. माणूस हयात आहे, मुलाखती देतो, काळ जेमतेम चार वर्षांचा आणि बहुतेक सगळं संगीत आज घरबसल्या मिळतं. पण यादी करायला बसलं की लक्षात येतं, या गृहस्थानं वर्गवारी करणाऱ्याच्या वाटेत जमतील तितके काटे पेरून ठेवलेत. काही परिस्थितीनं आलेले, काही मुद्दाम.

निमित्त आमच्या श्रवणगटाचं. अधूनमधून जमायचं, एखादी गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची आणि मग तिच्यावरून भांडायचं, असा हा गट. बरेच जण शास्त्रीय संगीतावर वाढलेले. त्यांना ॲम्बियंट, म्हणजे पार्श्वभूमीसारखं भोवती पसरून राहणारं संगीत, ऐकवायचं ठरलं आणि एफेक्स ट्विनच्या सुरुवातीच्या कामाची मांडणी माझ्याकडे आली. काय घ्यायचं, काय कशाच्या शेजारी ठेवायचं, आणि जे नेहमी एकत्र ठेवलं जातं ते तसंच राहू द्यायचं का? शेवटचा प्रश्न कळीचा निघाला.

ऐवज

जेम्सचा जन्म १८ ऑगस्ट १९७१ चा, आयर्लंडमधल्या लिमरिकचा. वाढला मात्र इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये. सिंथ (इलेक्ट्रॉनिक सूरवाद्यं) उघडून आतल्या जोडण्या बदलायचा नाद, आसपासच्या पार्ट्यांमध्ये डीजेगिरी, नंतर लंडनजवळ किंग्स्टनला इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण. सप्टेंबर १९९१ मध्ये एक्झेटरच्या मायटी फोर्स या लहानशा लेबलनं त्याची पहिली तबकडी काढली, 'ॲनालॉग बबलबाथ'. त्याच वर्षी ग्रँट विल्सन-क्लॅरिज या मित्राबरोबर त्यानं रेफ्लेक्स हे स्वतःचं लेबल सुरू केलं. १९९२ मध्ये बेल्जियमच्या आर अँड एस या लेबलकडून 'डिजेरिडू' आलं. रेव्हमध्ये, म्हणजे रात्रभराच्या पार्ट्यांत, नाचणाऱ्यांना घाम फोडणारा हा ट्रॅक ब्रिटिश सिंगल्सच्या यादीत ५५ व्या क्रमांकापर्यंत गेला. जुलै १९९२ मध्ये शेफील्डच्या वॉर्प लेबलचं 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे संकलन आलं. नाचण्यासाठी नव्हे, घरी बसून ऐकण्यासाठी इलेक्ट्रॉनिक संगीत, अशी त्याची भूमिका, आणि मुखपृष्ठावर आरामखुर्चीत रेललेला यंत्रमानव. त्यातला पहिलाच ट्रॅक जेम्सचा, पण 'द डाइस मॅन' या नावानं. वर्ष संपता संपता आर अँड एस च्या अपोलो या उपलेबलनं 'सिलेक्टेड ॲम्बियंट वर्क्स ८५–९२' हा तेरा ट्रॅकचा अल्बम काढला. जानेवारी १९९३ मध्ये वॉर्पवर 'सर्फिंग ऑन साइन वेव्ह्ज', कलाकाराचं नाव 'पॉलिगॉन विंडो'. मार्च १९९४ मध्ये, पुन्हा वॉर्पवर, 'सिलेक्टेड ॲम्बियंट वर्क्स व्हॉल्यूम टू'. अडीच तासांहून मोठं हे काम ब्रिटिश अल्बमच्या यादीत ११ व्या क्रमांकावर पोचलं. आजही त्या आकड्याचं आश्चर्य वाटतं, कारण त्यात गुणगुणता येईल असं फारसं काही नाही.

या मोठ्या खुंट्यांच्या मध्ये बारीकसारीक पुष्कळ आहे. 'कॉस्टिक विंडो' नावानं 'जॉयरेक्स' मालिका, 'एएफएक्स' नावानं 'ॲनालॉग बबलबाथ'चे पुढचे भाग, 'पॉवर-पिल' नावानं 'पॅक-मॅन' या व्हिडिओ गेमच्या आवाजांवर रचलेली एक गंमत. हा सगळा ढीग लावायचा कसा?

नावं, सालं आणि अल्बमचे मथळे

पहिला मोह नावावरून लावण्याचा. इतकी टोपणनावं घेतली म्हणजे प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असणार, असं वाटतं. थोडंसं तसं आहेही. कॉस्टिक विंडो कर्कश, एएफएक्स म्हणजे ॲसिडकडे, पिळवटलेल्या सिंथ-बेसच्या नाचसंगीताकडे, झुकलेलं. पण तबकड्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की दिसतं, नाव बहुतेक वेळा लेबलबरोबर बदलतं, शैलीबरोबर नाही. 'पॉलिगॉन विंडो'च्या अल्बममध्ये 'क्वोथ' आहे, निव्वळ ड्रमचा मारा. 'इफ इट रिअली इज मी' आहे, खिन्न सुरावटीचा. आणि शेवटी 'क्विनो-फेक' आहे, जवळजवळ तालहीन आणि विरत जाणारा. एका नावाखाली तीन स्वभाव. याच्या उलटही घडतं. एक स्वभाव दोन नावांनी फिरतो, त्याचा मासला 'ब्लू कॅल्क्स'. त्यावर पुढे सविस्तर येतोच.

ट्रॅकच्या नावांचाही उपयोग नाही. 'कॅल्क्स' हे आडनाव लावणारे तीन ट्रॅक घ्या. १९९२ चा 'ग्रीन कॅल्क्स' गुरगुरणाऱ्या ॲसिड बेसचा, 'ब्लू कॅल्क्स' संथ आणि धूसर, १९९६ चा 'यलो कॅल्क्स' ड्रम-अँड-बेसच्या काळातला. सख्खी भावंडं म्हणून एका ओळीत उभी केली तर एकाचाही चेहरा दुसऱ्याशी जुळत नाही.

दुसरा मोह सालाचा, आणि हा जास्त फसवा. '८५–९२' असं अल्बमवरच छापलंय, म्हणजे कालक्रम आयताच मिळाला असं वाटतं. १९८५ मध्ये जेम्स तेरा-चौदा वर्षांचा होता. त्या वयात एखाद्या हुशार पोरानं टेपवर काहीतरी अफलातून करून ठेवलं असेल हे अशक्य नाही. पण अल्बममध्ये कोणत्या ट्रॅकला कोणतं साल हे कुठंच नाही, आणि पुरावा शोधायचा तर तो ध्वनीच्या आतच शोधावा लागतो. 'ग्रीन कॅल्क्स'मध्ये 'रोबोकॉप' या चित्रपटातला तुकडा वापरलाय. चित्रपट १९८७ चा. म्हणजे निदान हा ट्रॅक तरी त्याआधीचा नाही. जुन्या पोथीची तारीख तिच्यात आलेल्या उल्लेखांवरून ठरवतात, त्यातलाच हा प्रकार: अलीकडची सीमा प्रकाशनाची, पलीकडची सीमा आत सापडलेल्या तुकड्याची. 'वी आर द म्यूझिक मेकर्स'मध्ये मात्र हीच युक्ती निरुपयोगी ठरते. त्यातला संवाद विली वाँका आणि त्याच्या चॉकलेट कारखान्यावरच्या १९७१ च्या चित्रपटातला आहे, आणि तो चित्रपट जेम्स यांच्याच वयाचा.

टेपच्या खरखरीवरूनही साल ठरत नाही. हा अल्बम कॅसेटवरून मास्टर केलेला आहे. वरच्या पट्टीतले आवाज दबलेले, मागं सतत एक सूक्ष्म फुसफुस. कानाला ते 'जुनं' वाटतं, आणि अल्बमच्या जादूत या दबलेपणाचा वाटा मोठा आहे. पण कॅसेट हे त्याचं नेहमीचं माध्यम होतं, त्यामुळं खरखर म्हणजे वय नव्हे. जेम्सनं पुढं स्वतःच सालं छापलीसुद्धा. १९९५ च्या '...आय केअर बिकॉज यू डू' या अल्बमच्या मागच्या बाजूला प्रत्येक ट्रॅकपुढे वर्ष आहे, आणि त्यातली काही वर्षं १९९४ च्या मागं जातात. म्हणजे प्रकाशनाचा क्रम आणि निर्मितीचा क्रम एकमेकांना छेदतात, हे त्यानंच सांगून टाकलं.

तिसरी सोय अल्बमच्या मथळ्याची. दोन्हींवर 'सिलेक्टेड ॲम्बियंट वर्क्स' आहे, दुसऱ्यावर तर 'व्हॉल्यूम टू' असंही आहे. दुकानांत, याद्यांत, लेखांत ही जोडी जुळ्या भावांसारखी बरोबर फिरते. माझं म्हणणं, ही जोडी फोडली पाहिजे.

ठेका आहे की नाही

१९७८ मध्ये ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकारानं 'म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स'च्या वेष्टनावर ॲम्बियंट संगीताची जी कल्पना मांडली, तिचा गाभा असा की हे संगीत लक्ष देऊन ऐकलं तरी चाललं पाहिजे आणि दुर्लक्ष केलं तरी चाललं पाहिजे. या मापानं '८५–९२' तपासला तर निकाल लगेच लागतो. तेरा ट्रॅकपैकी ठेका नसलेला एकच, 'आय', तोही सव्वा मिनिटाचा. बाकी बारांत ड्रम मशीन आहे. 'हेडफेलिम' तर अंधाऱ्या गोदामातल्या रेव्हचाच तुकडा. 'टॉलेमी', 'डेल्फियम' पाय हलवायला लावतात. 'हीलिओस्फॅन'वर दुर्लक्ष करून दाखवावंच कोणीतरी.

मग 'ठेका असेल तर टेक्नो (नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत), नसेल तर ॲम्बियंट' अशी सरळ रेघ मारावी? पहिल्या अल्बमवर ती बरी चालते. दुसऱ्यावर मोडते. 'व्हॉल्यूम टू' तालहीन अशी त्याची ख्याती आहे, पण ती ऐकीव ख्याती. चाहते ज्याला 'शायनी मेटल रॉड्स' म्हणतात त्यात धातूवर धातू आपटल्यासारखा निर्दय ठेका आहे. 'ग्रास'मध्ये ढोलासारखे घाव आहेत. 'वेदर्ड स्टोन', 'ब्लर', 'हेक्सागॉन' या सगळ्यांत ताल आहे. 'स्टोन इन फोकस' या दहा मिनिटांच्या ट्रॅकमध्ये संथ सुरांखाली एक टकटक अखंड चालू असते. या सगळ्यांना टेक्नोच्या कप्प्यात टाकलं तर अल्बमची लक्तरं होतात. आणि ते टाकू नयेत असं कान ठामपणे सांगतो. कानाचं ऐकायचं तर कारण शोधलं पाहिजे.

बदल कोण घडवतं?

इथं मला आमच्या गटातल्या मंडळींचा उपयोग झाला. भातखंड्यांनी रागांची दहा थाटांत वाटणी केली ती स्वरांवरून, आणि तिची मर्यादा दाखवायला भूप आणि देशकार यांचं उदाहरण हमखास दिलं जातं. दोघांचे स्वर तेच पाच. पण भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत. एक पूर्वांगात रमतो, दुसरा उत्तरांगात. एक रात्रीच्या पहिल्या प्रहरी, दुसरा सकाळी. एक कल्याण थाटात, दुसरा बिलावलात. साहित्य एकच, चलन वेगळं. इलेक्ट्रॉनिक संगीतालाही तोच प्रश्न विचारला तर? ठेका आहे का, हे नको विचारूया. ठेका काय काम करतो, ट्रॅकमध्ये बदल घडतो तेव्हा तो कोण घडवतं, हे विचारूया.

'एक्सटल' घ्या, '८५–९२'चा पहिला ट्रॅक. एक मऊ, पसरलेला सूर. त्यावर एका बाईचा शब्दहीन आवाज, चक्रात फिरणारा. कडेला हाय-हॅटची, म्हणजे ड्रममधल्या झांजेची, चुरचुर. मग किक, म्हणजे ड्रमचा खालचा दणका, येते. काही आवर्तनं जातात, किक थांबते, आवाज आणि सूर उघडे पडतात, आणि किक परत आली की छातीत काहीतरी जागच्या जागी बसतं. ही सगळी रचना नाचाच्या संगीताची आहे. थर ठरावीक मात्रांच्या ठोकळ्यांनी आत येतात, बाहेर जातात. रिकामी जागा तयार होते ती परत भरण्यासाठी. आवाज कितीही धूसर असो, इमारत शिकागो आणि डेट्रॉइटकडून आलेल्या हाउस-टेक्नोची आहे. 'पल्सविड्थ', 'एजिस्पोलिस', 'हीलिओस्फॅन', 'ॲक्टियम' यांचंही तेच. बदल ड्रम घडवतात.

आता 'व्हॉल्यूम टू'मधला तिसरा ट्रॅक, ज्याला सगळे 'रूबार्ब' म्हणतात. पावणेआठ मिनिटांच्या आसपास. तंतुवाद्यांसारख्या सिंथवर सुरांची एक छोटी साखळी, अतिशय सावकाश, पुन्हा पुन्हा. ड्रम नाही, बेस नाही. प्रत्येक फेरीत वरचा सूर थोडा इकडचा तिकडे होतो, कुठं एखादा धागा जाड होतो, कुठं विरतो. काही येणार आहे अशी अपेक्षाच हे संगीत निर्माण करत नाही. पहिल्या मिनिटाला ऐकलं काय आणि पाचव्या मिनिटाला खोलीत शिरलं काय, फारसा फरक पडत नाही. 'एक्सटल'मध्ये पाचव्या मिनिटाला शिरायची सोयच नाही, त्याआधी तो संपतो. पण मधे शिरलात तर आधीचं काहीतरी चुकल्याचं नक्की जाणवतं.

आणि 'शायनी मेटल रॉड्स'? आवाज भीषण, पण त्या ठेक्याला कुठं जायचं नाही. थांबून परत येण्याचा खेळ तो खेळत नाही. कारखान्यात यंत्र चालू आहे, आपण त्याच्या शेजारी उभे आहोत, एवढंच. बदल होतो तो गुंजनाच्या पोतात, अंतरात, सुरांच्या किंचित ढळण्यात. त्यामुळं इतका कर्कश ट्रॅक 'रूबार्ब'च्याच घरातला ठरतो आणि इतका कोमल 'एक्सटल' 'ॲनालॉग बबलबाथ'च्या. श्रवणगटात हे वाक्य उच्चारल्यावर बराच गोंधळ झाला. मग दोन्ही पुन्हा लावले, आणि विरोध पुष्कळसा मावळला.

तीन कप्पे

या कसोटीनं चार वर्षांचं काम तीन कप्प्यांत बसतं.

पहिला फरशीचा, म्हणजे नाचण्यासाठीच केलेला: 'डिजेरिडू', 'जॉयरेक्स'मधलं बहुतेक सगळं, 'क्वोथ', पहिल्या तबकडीतला 'आयसोप्रोफ्लेक्स'. 'पॅक-मॅन'ही इथंच, हसून. '८५–९२'मधले 'हेडफेलिम' आणि 'ग्रीन कॅल्क्स' मी इथंच टाकले, आणि त्यावरून अजूनही बोलणी खातो. या कप्प्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही. तो स्वतःचं स्पष्टीकरण मोठ्या आवाजात देतो.

दुसऱ्या कप्प्यात बांधणी फरशीची, पण मन घरातलं. 'ॲनालॉग बबलबाथ' हा मूळ ट्रॅक, '८५–९२'चा मोठा भाग, 'इफ इट रिअली इज मी', आणि वॉर्पच्या संकलनातला 'द डाइस मॅन' नावानं आलेला ट्रॅक, ज्याचंही नाव 'पॉलिगॉन विंडो'. लोक ज्याला प्रेमानं 'ॲम्बियंट एफेक्स' म्हणतात ते बहुतांशी हेच. नाचायचं संगीत, पण रात्र संपल्यावर आठवणारं. वॉर्पचं संकलन आणि '८५–९२' काही महिन्यांच्या अंतरानं आले. दोघांचं श्रोतृमंडळ एकच होतं, आणि त्या मंडळींसाठी 'ॲम्बियंट' या शब्दात ठेका आधीच गृहीत होता. म्हणून मथळा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. १९९२ च्या अर्थानं तो खरा आहे. १९९४ चा अर्थ त्याच्यावर मागाहून लादला गेला, 'व्हॉल्यूम टू' या दोन शब्दांमुळं.

तिसरा कप्पा स्थिर चित्रांचा. 'व्हॉल्यूम टू' जवळजवळ सगळा, शिवाय 'आय' आणि 'क्विनो-फेक'. 'आय' ऐकताना तर स्पष्ट कळतं की '८५–९२'च्या मध्येच १९९४ ची खिडकी उघडून लगेच बंद केलीय.

सीमेवर एक राहतो, '८५–९२'मधला 'था'. नऊ मिनिटांचा. खाली संथ बेस आणि मऊ किक, वर रेल्वे स्थानकातल्या घोषणांसारखे किंवा भिंतीपलीकडल्या गप्पांसारखे अस्पष्ट मानवी आवाज. ठेका पहिल्यापासून आहे, पण तो ढकलत नाही. इतका वेळ तसाच राहतो की पार्श्वभूमी होऊन जातो. बांधणी दुसऱ्या कप्प्याची, वागणूक तिसऱ्याची. मी तो दुसऱ्यातच ठेवला, पण यादीत अगदी शेवटी, म्हणजे कार्यक्रमात त्यानंतर लगेच 'स्टोन इन फोकस' लावता येतो. दोन्हींतली टकटक एकामागोमाग ऐकली की फरक आपोआप कळतो. 'था'मधला ठोका शरीराकडून आलाय, 'स्टोन इन फोकस'मधला घड्याळाकडून.

'ब्लू कॅल्क्स'ची साक्ष

आता कप्प्यांचा कालक्रमाशी संबंध. एफेक्स ट्विनची रूढ कथा अशी: आधी रेव्ह, मग रेव्हला कंटाळून मऊ टेक्नो, मग ठेकाही गळून पडला आणि १९९४ ला शुद्ध ॲम्बियंट. वाढत जाणाऱ्या कलाकाराची ही गोष्ट छान आहे, आणि पुराव्यासमोर टिकत नाही.

'ब्लू कॅल्क्स' 'व्हॉल्यूम टू'मध्ये आहे. त्या अल्बममधला शब्दांत नाव असलेला तो एकमेव ट्रॅक. नाव का आहे? कारण तो आधीच प्रकाशित झाला होता. रेफ्लेक्सच्या 'द फिलॉसॉफी ऑफ साउंड अँड मशीन' या १९९२ च्या संकलनात तो होता, आणि तिथं कलाकाराचं नावही 'ब्लू कॅल्क्स' असंच दिलं होतं. टिकटिकणारा बारीक ठोका, त्यावर धुक्यासारखे सूर, कुठंही जाण्याची घाई नाही. आपल्या कसोटीनं हा निर्विवाद तिसऱ्या कप्प्यातला. म्हणजे तिसरा कप्पा १९९२ मध्येच अस्तित्वात होता. ज्या वर्षी 'डिजेरिडू' आलं, ज्या वर्षी 'एक्सटल' आला, त्याच वर्षी.

एका वर्षात तिन्ही कप्प्यांतलं काम प्रकाशित होतंय म्हटल्यावर त्यांना कालखंड म्हणता येत नाही. ती एकाच खोलीतली तीन टेबलं आहेत. लेबलं एकेका टेबलावरचा माल वेगवेगळ्या वेळी उचलत गेली, आणि आपण उचलण्याच्या क्रमालाच वाढीचा क्रम समजलो. पुढचं वळणही याला धरूनच आहे. १९९५ मध्ये 'हँगेबल ऑटो बल्ब'मधून 'जंगल' या वेगवान नाचसंगीताच्या धावत्या ड्रमचा मारा आला. शुद्ध तालहीनतेपर्यंत 'पोचलेला' माणूस वर्षभरात तिकडं कसा गेला, असा प्रश्न कालखंडवाल्यांना पडतो. टेबलवाल्यांना पडत नाही.

नावं नसलेले ट्रॅक

यादीची व्यावहारिक अडचण वेगळीच होती. 'व्हॉल्यूम टू'च्या ट्रॅकना शब्दांत नावं नाहीत, छायाचित्रं आहेत. वेष्टनावर रंगीत वर्तुळालेख, त्यांचे तुकडे ट्रॅकच्या लांबीच्या प्रमाणात, आणि प्रत्येकाशी जुळणारं एक छायाचित्र: रेडिएटर, गवत, पडदा, बुरशी, दगड. 'रूबार्ब', 'क्लिफ्स', 'लायकन' ही नावं एका चाहत्यानं चित्रं पाहून दिलेली, पण ती इतकी रुळली की आता तीच खरी वाटतात. चित्र नसतं तर त्या सुरांत रूबार्बचा दांडा कोणाला दिसला असता? ही नावं ऐकण्यावर सावली टाकतात, म्हणून कार्यक्रमात मी ती आधी सांगितली नाहीत.

क्रमांक वापरावेत तर तेही सरळ नाहीत. मूळ एलपी आणि कॅसेटवर 'स्टोन इन फोकस' १९ वा आहे. सीडीतून तो वगळला गेला, त्यामुळं त्यापुढचा प्रत्येक क्रमांक सीडीवर एकानं मागं सरकतो. दोघं जण 'विसावा ट्रॅक' म्हणतात आणि वेगवेगळ्या गोष्टींबद्दल वाद घालतात, हे आमच्यात प्रत्यक्ष घडलं. म्हणून यादीत एलपीचा क्रमांक प्रमाण मानला आणि रूढ नाव शेजारी ठेवलं.

या अनामिकतेला एक शेजारीही आहे. १९९१ च्या त्या पहिल्या तबकडीवर 'एन ट्रान्स टू एक्झिट' या ट्रॅकमध्ये टॉम मिडलटनचा हात होता. त्याच मिडलटननं मार्क प्रिचर्डबरोबर 'ग्लोबल कम्युनिकेशन' या नावानं १९९४ मध्ये '७६:१४' हा अल्बम काढला. अल्बमचं नाव म्हणजे त्याची एकूण लांबी, आणि ट्रॅकची नावं म्हणजे त्यांच्या लांब्या. एकेकाळी एकाच तबकडीवर काम केलेले दोघं, एकाच वर्षी, श्रोत्याच्या हातून शब्द काढून घेतात. एक चित्र देतो, दुसरा मिनिटं आणि सेकंद. दोन्ही अल्बम शेजारी ऐकावेत. '७६:१४' जास्त गोड आणि जास्त सुघड. भीती मात्र 'व्हॉल्यूम टू'मध्येच वाटते, आणि माझं मत विचाराल तर ती भीतीच त्याला वरचढ करते.

या अल्बमचा मोठा भाग जागृत स्वप्नांतून आला असा जेम्सचा दावा प्रसिद्ध आहे. वर्गवारीच्या कामी तो मी बाजूला ठेवला. स्वप्नात सुचलेला ट्रॅक आणि जागेपणी केलेला ट्रॅक ऐकून वेगळे काढता येत नाहीत, आणि जेम्स मुलाखतकारांची फिरकी घेण्यात तरबेज आहे.

मागाहून आलेला पूर

२०१४ मध्ये 'कॉस्टिक विंडो'च्या अल्बमची १९९४ ची चाचणी-प्रत बाजारात आली. तबकडी त्या वेळी छापून झाली होती, प्रकाशित झाली नव्हती. चाहत्यांनी वर्गणी काढून ती मिळवली आणि वर्गणीदारांना संगीत पोचलं. पुढं ती मूळ प्रत 'माइनक्राफ्ट' या व्हिडिओ गेमच्या कर्त्या मार्कस पर्सननं ४६,३०० डॉलरना घेतली. संगीताच्या दृष्टीनं हे सोपं प्रकरण. तबकडीला साल आहे, बराचसा भाग फरशीच्या कप्प्यात जातो, उरलेला दुसऱ्यात.

२०१५ चं प्रकरण अवघड. जेम्सनं साउंडक्लाउड या संगीताच्या संकेतस्थळावर आकड्यांच्या नावाच्या खात्यातून जुने ट्रॅक चढवायला सुरुवात केली आणि बघता बघता शंभराहून अधिक ट्रॅक झाले. त्यात 'रेड कॅल्क्स'ही निघाला, म्हणजे कॅल्क्स घराण्यात आणखी एक. 'सिलेक्टेड' या शब्दाचा अर्थ इथं खरा कळतो: निवडलेल्यांच्या मागं न निवडलेल्यांचा केवढा डोंगर होता. पण चढवताना ट्रॅकची नावं, आवृत्त्या, वेग यांत फेरफार झालेले असू शकतात, आणि १९९२ च्या टेपवर २०१५ मध्ये कोणता हात फिरला हे ऐकून ठरत नाही. म्हणून या ट्रॅकसाठी नियम कडक ठेवला. कप्पा लिहायचा, कारण तो कानाला कळतो. साल लिहायचं नाही. २०२४ मध्ये 'व्हॉल्यूम टू'ची वाढीव आवृत्ती निघाली, तिच्यातल्या जादा ट्रॅकनाही हाच नियम लावला. यादीत त्यांच्यापुढचा सालाचा रकाना कोरा आहे, आणि 'स्टोन इन फोकस' एलपीच्या क्रमांकासह, १९, जागच्या जागी आहे.